उणे तीन मीटर

२ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचले एकदाची! गाडी दीड तास उशिरा, बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलेलं, जिन्यात कपाळाला चौकट लागली, आणि तरीही मी खुशीत आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही.

घर झकास आहे. खाली रस्त्याला लागून चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर चष्मेवाले, त्यांची बायको आणि मुलगी, आणि मधल्या मजल्यावर मला दिलेली खोली. खिडकीतून समोरचा शिंपी दिसतो, त्याच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा. पलंग करकरत नाही, नळाला पाणी आहे, आणखी काय हवं? चष्मेवाले स्वतः माझी बॅग उचलून धापा टाकत वर आले. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा दिला आणि दहा मिनिटांत माझा सगळा इतिहास काढून घेतला. मीही सांगून टाकला. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हे जाऊन चौदा महिने झाले, मूलबाळ नाही, शाळा सोडली कारण शिक्षकखोलीत सगळ्याजणी माझ्याकडे कीव करून बघायच्या. आणि खरं सांगायचं तर मला रडू येत नाही. एकदाही आलं नाही. काही वाटतच नाही हो वहिनी, म्हटलं, दात काढताना सुई देतात ना, तसं सगळं बधिर. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग साखर अजून हवी का, असं विचारलं.

याच गोष्टीवरून नणंद मला दगड म्हणते. म्हणू दे.

काम सोपं आहे. मुलगी दहावीला, तेवीस तारखेला परीक्षा. बाकी विषय उत्तम, फक्त आरशांच्या धड्यापाशी घोडं पेंड खातंय. सलग पाच गणितं बरोबर आली की झालं, वहिनी म्हणाल्या. सलग, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्याआधी एक सर होते. त्यांचा विषय निघताच वहिनींचं तोंड कडू झालं. पोरीने चार गणितं सलग बरोबर सोडवली, पाचवंही बरोबर होतं, आणि त्या गृहस्थाने त्यावर फुली मारली, चपला घातल्या आणि भर दुपारी चालता झाला. ऐकून मीही तापले. बरोबर गणितावर फुली? अशा माणसाच्या हातात खडू देऊ नये. वहिनींनी लगेच विचारलं की तुम्ही नाही ना असं करणार? म्हटलं, वीस वर्षांत नाही केलं, आता काय करणार! तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

ही रोजनिशी ह्यांची. मागच्या वर्षासाठी आणून ठेवली होती, कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते. फुकट का घालवायची.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान दुपारी तीन ते पाच बंद असतं, तेव्हा शिकवणी. जागा कुठली, तर नजर तपासायची खोली! मी तर हरखूनच गेले.

खोली लहान आहे, लांबी जेमतेम साडेतीन मीटर. नजर तपासायला अक्षरांचा तक्ता सहा मीटरवर लागतो. म्हणून समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत आरसा, आणि तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला. त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली. गिऱ्हाईक आरशात बघतं तेव्हा ती सुलटी दिसतात. खुर्चीपासून आरशापर्यंत तीन मीटर, आरशाच्या आत आणखी तीन, झाले सहा. खुर्च्या दोन आहेत, दोन्ही बरोबर तीन मीटरवर जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी डावीकडची घेतली. आरशाच्या मधोमध डोळ्यांची निगा राखा असं सांगणारं एक भलं मोठं रंगीत चित्र चिकटवलंय. आरशावर कोणी चित्र चिकटवतं का? चष्मेवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले की भिंतीला ओल येते. असेल.

मुलगी पंधरा वर्षांची, किडकिडीत, पांढरीफटक, डावखुरी. घरी सगळे ठमी म्हणतात. आवाज एवढा हळू की मला दर वेळी पुढे वाकावं लागतं. पेन देताना हात लागला, अगदी गार. रक्त कमी असणार. वर जेवायला येत नाही, तिचं ताट तिथेच नेतात आणि तसंच परत आणतात. या वयात मुलींची ही थेरं असतातच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हात टेकले मी या पोरीपुढे.

हुशार आहे. सूत्र पाठ, आकडेमोड चोख, अक्षर मोत्यासारखं. चूक एकच आणि दर वेळी तीच. नियम शेंबड्या पोराला कळेल असा आहे. आरशाच्या समोरच्या बाजूला मोजलेली अंतरं उणे, आरशाच्या मागची अधिक. वस्तू ठेवतो आपण आरशासमोर, म्हणून वस्तूचं अंतर नेहमी उणे. डोळे मिटून उणे. ही बया डोळे उघडे ठेवून अधिक घालते. नऊच्या नऊ गणितांत. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर दहा, वस्तू तीसवर. उत्तर यायला हवं उणे पंधरा, हिचं येतं उणे साडेसात. मी तिचं नाव अधिकबाई ठेवलंय.

आज विचारलं, अगं अधिक का घालतेस? तर खाली बघत पुटपुटली की ती बसते तिथून वस्तू आरशाच्या मागेच येते. मी म्हटलं, म्हणजे तू काय आरशाच्या आत बसून गणितं सोडवतेस होय? माझ्याच विनोदावर मी खूप हसले. ती हसली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! मी युक्ती केली. म्हटलं, तुला कुठे बसायचं तिथे बस, पण कागदावर तरी माझ्या बाजूला ये. माझ्या खुर्चीवरून बघ. डोळे मिटून कल्पना कर की तू म्हणजे मी. तिने डोळे मिटले, बराच वेळ मिटून बसली. मग तेच दहा आणि तीसचं गणित घेतलं आणि वस्तूच्या अंतरामागे उणे घातलं. उत्तर उणे पंधरा. समोरच्या बाजूला, वास्तव, उलटी. मी लाल पेनाने बरोबरची भली मोठी खूण केली. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी दाराच्या मागे खडूने एक रेघ ओढली आणि तोंडावर हात धरून वर पळाल्या. एका गणितासाठी एवढं?

उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. पेन घट्ट धरून लिहिल्यामुळे असणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा अधिक! मी फुली मारली. वहिनींनी रेघ पुसली. बोटं मात्र लगेच मोकळी झाली, मुंग्या येऊन गेल्या.

शिकवणी संपल्यावर एक गंमत झाली. ठमी मान मागे वळवून तक्ता वाचत होती. आरशात बघून नाही, सरळ तक्त्याकडेच बघून. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा धडाधड, एक अक्षर न अडखळता. उलटी अक्षरं! मी प्रयत्न केला तर मला वरची दोनसुद्धा धड लागेनात. म्हटलं, जन्मापासून इथे राहतेस म्हणून सवय झाली असेल. ती म्हणाली की आधी नव्हती. कशाच्या आधी, ते सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस नुसतं उणे-अधिक, उणे-अधिक. आज कुठे पुन्हा एक बरोबर. वहिनींची रेघ, माझी खूण. संध्याकाळी बोटांची टोकं पुन्हा बधिर. योगायोग म्हणून सोडून दिलं.

नणंदेचा फोन आला. ह्यांचं कपाट रिकामं केलं का, विचारत होती. दर वेळी सवयीने विचारते ती, आणि मीही सवयीने नाही म्हणून सांगते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरंही बरोबर. ठमीच्या गालांवर रंग आला आहे. आज तिने माझ्यासाठी आणलेला चहा उचलला, एक घोट घेतला आणि ओठ पोळले म्हणून किंचाळली. वहिनी जिन्यातून धावत आल्या. पोरगी पोळली म्हणून कोणी आनंदाने रडतं का? या रडल्या.

मग मी माझा कप घेतला. उभी राहून चहा पिऊ लागले. चव लागली नाही. वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या म्हणून मी पाहिलं, कप हातात कलला होता आणि चहा मनगटावरून ओघळत होता. कातडी लाल झाली होती. मला कळलंच नव्हतं. वहिनींनी फडकं आणून दिलं, पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

आज आरशावरचं चित्र पडलं. चिकटपट्टी सुटली आणि सर्रकन खाली आलं. मी वर पाहिलं. आरशात तक्ता होता, मी होते, माझी खुर्ची होती. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. खुर्चीसमोरच्या फळीवर वही उघडी होती आणि तिचं पान आपोआप उलटलं. मी मान वळवली. ठमी बसलेली, पान उलटताना. पुन्हा आरशात पाहिलं. रिकामी.

मी शिक्षिका आहे. मी उठून पट्टीने अंतर मोजलं. तिच्याकडून निघालेला किरण माझ्या डोळ्यात यायला आरशावर नेमका कुठे पडेल, तो बिंदू काढला. चित्र बरोबर त्या बिंदूवर लावलेलं होतं. ओलीबिलीसाठी नाही.

ठमीने विचारलं की पुढचं गणित घ्यायचं का. मी हो म्हटलं. भीती वाटायला हवी होती. पोटात नुसता एक रिकामा डबा असल्यासारखं वाटलं.

गणित बरोबर आलं. तिसरं. मी खूण केली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सकाळी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगा म्हटलं. त्यांनी हात पुसले, बसल्या आणि सरळ सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ठमी त्या खोलीत एकटीच गृहपाठ करत बसली होती. शाळेत चिन्ह चुकलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. समोर कुठलं आणि मागे कुठलं हे एकदाचं कळावं म्हणून आरशाला नाक लावून बसली. वहिनींनी जेवायला हाक मारली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ओ मात्र आली. आरशातून आली. त्यानंतर कितीतरी दिवस ती फक्त आरशात दिसायची. मग एक एक मास्तर आणून, एक एक गणित सोडवून घेऊन तिला खुर्चीपर्यंत आणली. पण ती अर्धीच आली आहे. स्वतःची बाजू तिला अजून नीट सापडलेली नाही. उंबरा ओलांडता येत नाही. सलग पाच बरोबर आली की पुरी इकडची होईल. मध्ये एकही फुली पडली की पुन्हा मागे.

मी विचारलं, आणि मी? माझ्या हाताचं काय? वहिनी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या की इकडे माणूस आलं की त्याचं प्रतिबिंब लागतंच, बाई. आरशात कोणीतरी असावं लागतं. जो शिकवतो तो जातो. तुम्हाला तसंही काही वाटत नाही, असं पहिल्या दिवशी म्हणालात. म्हणून वाटलं, तुम्हाला जड जाणार नाही.

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. माझे दोन्ही हात धरून बोलल्या. मला त्यांचे हात लागले नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बॅग भरली. खाली उतरले. दुकानाची पाटी उलटी वाचावी लागली. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या उलट्या. घड्याळवाल्याच्या दुकानात सगळी घड्याळं मागे चालली आहेत. शिंप्याला हाक मारली, दोनदा, अगदी तोंडासमोर उभी राहून. तो सुईत दोरा ओवत राहिला. बस थांब्यावर उभी राहिले, बस थांबली नाही. नणंदेला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि मग कोणीच बोलत नाही म्हणून वैतागून ठेवून दिला.

परत आले. उपाय सोपा आहे, उगाच हातपाय गाळायचं कारण नाही. उद्याच्या गणितावर फुली मारायची. बस. त्या सरांनी तेच केलं. मी त्यांना काय काय बोलले होते!

एक लाल फुली. मग बोटं मोकळी, पाट्या सरळ, बस थांबेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मारली नाही.

पेन उचललं होतं. ठमीने वही पुढे केली. समोर उणे जिथल्या तिथे, सेंटिमीटर लिहिलेलं, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा, मी शिकवल्या तशा. इतकं स्वच्छ गणित. फुली मारायला हात उचलला आणि खूण झाली. वीस वर्षांची सवय. हात विचारतच नाही.

हे मला चिडवायचे. म्हणायचे, तू माझीसुद्धा चूक सोडायची नाहीस आणि बरोबरला चूक म्हणायचीही नाहीस, तुझ्याशी भांडण करण्यात अर्थ नाही. हसत म्हणायचे. पहिल्यांदाच ते हसणं नीट आठवलं.

चार झाली. आरशात आज ठमी दिसते. पुसट, पण आहे. डावीकडची खुर्ची —

मी तिच्यावर बसले होते. आरशात रिकामी होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिकवणी नको म्हणाले. डोकं दुखतं म्हणाले. खोटं. डोकं आहे की नाही हेही कळत नाही.

मी जिन्यात बसले होते; ठमी खालच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला अठरा गोष्टी करायच्या आहेत, तिने यादी केली आहे, मला वाचून दाखवली. रस्त्यावर जायचं. शिंप्याकडे निळा फ्रॉक शिवायचा. परीक्षेच्या आधी पेनात शाई भरायची. पावसात भिजायचं, हे आईला सांगायचं नाही. काय वाईट आहे यात? एकही गोष्ट वाईट नाही.

माझ्या यादीत काय आहे? ह्यांचं कपाट. तेवढंच. अजून उघडलेलं नाही. उघडायचं आहे. खरंच उघडायचं आहे.

म्हणून उद्या फुली. चूक असो वा बरोबर असो. देवाशपथ.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अवघड घातलं. मुद्दाम. ती चुकावी म्हणून. शिक्षिकेने कधी करू नये ते केलं.

बहिर्वक्र आरसा. नाभीय अंतर पंधरा. प्रतिमा वस्तूच्या एक तृतीयांश, सुलटी. वस्तूचं अंतर काढा. त्यात उणे आधीच घालता येत नाही, ते उत्तरातून आपलं आपण यावं लागतं. वर्गात चाळीसातल्या दोघी करायच्या.

ठमीने ओठ चावत केलं. वीस मिनिटं लागली. चष्मेवाले आणि वहिनी दारात. कोणी हाललं नाही.

वस्तूचं अंतर: उणे तीस. दोन रेघा.

तिने विचारलं, बरोबर आहे ना बाई?

मी पेन घेतलं. फुलीची पहिली तिरकी रेघ ओढलीही. वरून खाली. दुसरी त्यावर आडवी टाकायची होती फक्त. ती माझ्याकडे बघत होती, नेहमी बघतात तशी, पोरं बघतात तशी. मी पेन उचललंच नाही. तिथूनच वर वळवलं.

खूण झाली.

बरोबरच होतं ना ते. बरोबर होतं.

तारीख लावता येत नाही. कॅलेंडर उलटं आहे.

तक्ता आता मला सरळ वाचता येतो. खालची ओळसुद्धा.

समोर काच. काचेपलीकडे खोली, खुर्ची, खुर्चीत ठमी. उजव्या हाताने लिहिते आहे. मी डाव्या. तिने मान वाकवली की माझी वाकते. ती थांबली की मी थांबते. तिच्यापुढे वही आहे, माझ्यापुढे ही रोजनिशी. शब्द माझे आहेत अजून. वेळ तिची. तिचं पेन चालतं तोवर माझं —

वहिनी आल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला. इकडे बघितलं आणि लगेच पाठ केली.

एक गोष्ट लिहायचीच आहे. रडू येतं आहे. ह्यांच्यासाठी. चौदा महिन्यांचं सगळं एकदम आलं आहे, घशापर्यंत, ह्यांचा चष्मा, ह्यांचं हसणं, दवाखान्यातला हात — सगळं वाटतं आहे, सगळं दुखतं आहे, मी दगड नाही, नणंदेला कोणीतरी सांगा —

पण ठमी खुशीत आहे. ती हसते आहे. म्हणून माझं तोंड हसतं आहे.

उद्याची तयारी करते आहे ती. शेवटचं गणित. सपाट आरसा. किती पायऱ्या उरल्या ते मला माहीत आहे, मीच शिकवल्या.

वस्तूचं अंतर उणे तीन मीटर. लिहिलं. चिन्ह बरोबर.

प्रतिमा आभासी, सुलटी. लिहिलं.

प्रतिमेचं अंतर, अधिक तीन. अधिक तीन म्हणजे मी.

आता उत्तराखाली दोन रेघा. मग ती पेन ठेवेल. ठमे, हळू ओढ गं. हळू. पट्टी घेतली तिने. माझ्याही हातात —

एक ओढली. आता दु